वजन घेता, तसा गळाही मोजा

महाराष्ट्रातल्या समस्त तालमींच्या वस्ताद मंडळींना,



पत्र लिहिणारा कोल्हापुरात माती अंगाला लावून घेतलेला, वरच्या वजनात लढलेला आणि आता एका साखर कारखान्याच्या सुरक्षा विभागात नोकरी करणारा जुना गडी आहे. नाव छापलं नाही तरी चालेल, ओळखणारे ओळखतील. पत्र कुणा एका तालमीला नाही. सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नगर, जिथं जिथं मोठ्या वजनाची पोरं रात्री एका रांगेत पथाऱ्या टाकून झोपतात, तिथल्या वस्तादांनी ते वाचावं एवढी विनंती. विषय घोरण्याचा आहे. हसू येणारच. तालमीत या विषयावर हसण्याची रीत आपल्या सगळ्यांपेक्षा जुनी आहे. हसून झालं की पुढं वाचा.

प्रत्येक तालमीत एक तरी 'बुलेट' किंवा 'ट्रॅक्टर' असतो. दिवे गेले की त्याचं इंजिन सुरू होतं. शेजारचा नाक दाबतो, पलीकडचा चप्पल फेकतो, आणि एखादा जुना जाणता कूस बदलत म्हणतो, "झोपू द्या रं, मेहनत करून दमलंय पोरगं, गाढ झोप लागलीय." या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र आहे. कारण बऱ्याचदा त्या पोराला गाढ झोप लागलेलीच नसते. रांगेत सगळ्यांत वाईट झोपलेला गडी तोच असतो.

होतं असं. जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरून ठेवतात. झोप लागली की बाकीच्या अंगाबरोबर तेही सैल पडतात. वाट मुळात अरुंद असेल, भोवतीनं मांसाचा आणि चरबीचा दाब असेल, तर ती थरथरते, ते घोरणं. आणखी सैल पडली की जीभ मागं सरकते आणि वाट बंदच होते. छाती-पोट ओढ घेत राहतं, हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धक्का देतो, गडी मोठ्यानं हवा खेचतो आणि त्याला स्वतःला न कळता पुन्हा झोपतो. थोड्या वेळानं परत तेच. कुस्तीत गळा आवळायला बंदी आहे. झोपेत पंच नसतो.

डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. किमान १० सेकंद श्वास थांबला की एक धरायचा, अर्धवट अडलेलेही मोजायचे, आणि सगळ्यांची तासाला सरासरी काढायची. ५ च्या आत असेल तर काळजी नाही. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्याच्या पुढं तीव्र. तासाला ३० म्हणजे सहा तासांच्या झोपेत १८० वेळा. घोरणाऱ्याला आपण कुंभकर्ण म्हणतो, पण कुंभकर्णाला उठवायला ढोल-नगारे लागले होते. या गड्याला त्याचाच मेंदू रात्रभर उठवत असतो, आणि सकाळी त्याला त्यातलं काहीही आठवत नाही.

या आजाराची खोड हीच, की ज्याला तो आहे त्याला तो दिसत नाही. साक्षीदार लागतो. घरात तो साक्षीदार बायको असते. माझं कळलं ते लग्नानंतर. घोरण्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. आमच्या सासरेबुवांच्या घोरण्यात ती वाढलेली होती. तिला भीती वाटली ती मधल्या शांततेची. "तुमचं घोरणं थांबलं की मी जागी होते," असं ती म्हणाली, आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेली तीही तीच. तालमीतल्या पोराला बायको नाही. पण त्याच्या दोन्ही अंगाला माणसं झोपलेली आहेत, समोर आहेत, पायथ्याशी आहेत. एवढे साक्षीदार जगात दुसऱ्या कुठल्या रोग्याला मिळत नसतील. त्यांचा उपयोग आपण फक्त चप्पल फेकायला करतो.

आणि सगळ्यांत मोठे साक्षीदार तुम्ही, वस्ताद. रात्री दहा-अकराला जे ऐकू येतं ते बरेचदा नुसतं घोरणं असतं. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त येते आणि त्या झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांत सैल असतात, म्हणून श्वास अडण्याचा जोर पहाटेकडं वाढतो. पोरांना उठवायला तुम्ही पहाटे तीन-चारला उठता. त्या वेळी काठी आपटण्याआधी दोन-चार मिनिटं नुसते उभे राहा. कोण घोरतोय यापेक्षा कोण घोरता घोरता गप्प होतोय, किती वेळ गप्प राहतोय आणि मग दचकून फुसकारा टाकतोय, तेवढं बघा. मोबाइल उशाशी ठेवून आवाज भरून घेतला तरी चालतो. डॉक्टरपुढं ते रेकॉर्डिंग लावलं की निम्मं बोलणं वाचतं.

आता गळ्याचं. गड्याची छाती, दंड, मांडी आपण टेपनं मोजतो, कौतुकानं चारचौघांत सांगतो. मान कमावलेली असावी ही तर आपली पहिली अट, कारण मान कच्ची असेल तर मातीत डोकं टेकून राहता येत नाही. पण टोरंटोतल्या भूलतज्ज्ञांनी २००८ साली ऑपरेशनआधी रोग्याला विचारायची जी आठ प्रश्नांची यादी छापली आणि जी आता जगभर वापरतात, तिच्यात गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर असणं ही धोक्याची एक खूण आहे. मोठ्यानं घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबलेला कुणीतरी पाहिलेला असणं, रक्तदाब, वजन, वय आणि पुरुष असणं या बाकीच्या. आपला वरच्या वजनाचा कुठलाही पैलवान घ्या, गळा आणि पुरुष हे दोन गुण त्याच्या नावावर आधीच लागलेले असतात.

इथं कुणी म्हणेल, आमच्या पोराची मान म्हणजे चरबी नाही, कमावलेलं मांस आहे. मलाही तसंच वाटायचं आणि त्यात थोडं तथ्यही आहे. चरबी, विशेषतः जिभेतली आणि घशाच्या भिंतीतली, जास्त वाईट. पण वाटेवर भार पडायचा तो पडतोच. अमेरिकन फुटबॉलमधले खेळाडू काही लोळत पडणारे नव्हेत. त्यांच्यातल्या व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सगळ्यांत मिळून सुमारे १४ टक्क्यांना हा त्रास असावा असा अंदाज निघाला, आणि अंगानं थोराड, जाड मानेच्या जास्त जोखमीच्या गटात ३४ टक्के. ऐन तारुण्यातली, रोज घाम गाळणारी माणसं ही. शिवाय आपल्या पैलवानाचं नाक. एकदा-दोनदा डोक्याची धडक बसून हाड वाकडं झालेलं नसेल असा मोठा पैलवान मला दाखवा. कान मोडले तर आपण ते दागिन्यासारखे मिरवतो. नाक मोडलं तर ते रात्री तोंडानं श्वास घ्यायला लावतं आणि घोरणं वाढवतं.

तालमीत हा आजार सापडत नाही, कारण आपली दिनचर्याच त्याला झाकून टाकते. बाहेरच्या जगात माणूस दुपारी कामावर पेंगायला लागला की लोकांना संशय येतो. आपल्याकडं पहाटेची मेहनत, मग थंडाई, जेवण आणि दुपारी सगळी तालीम आडवी. त्या झोपेत आजारी कोण आणि दमलेला कोण हे ओळखू येत नाही. सकाळी डोकं जड? हौद्यात जास्त झालं असेल. तोंड कोरडं? उन्हाळा आहे. रात्री चार वेळा लघवीला उठतो? पाणी जास्त प्यायलास. पोरगं चिडचिडं झालंय, डाव विसरतंय, तिसऱ्या मिनिटाला दम लागतोय? मन लागत नाही, घरी काहीतरी झालंय. प्रत्येक गोष्टीला आपल्याकडं उत्तर तयार असतं. पंचविशीतल्या धट्ट्याकट्ट्या गड्याचा रक्तदाब वर निघाला तरी आपण मीठ कमी करायला सांगतो. गोळ्या घेऊनही न उतरणाऱ्या रक्तदाबामागं बरेचदा हाच आजार असतो, पण झोपेबद्दल विचारायचं कुणाला सुचत नाही.

मेहनत, खुराक आणि झोप, या तिन्हींवर शरीर उभं राहतं हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. पहिल्या दोन्हींचा हिशोब तुम्ही ग्रॅमपर्यंत ठेवता. बदाम किती, तूप किती, जोर किती, सपाट्या किती. तिसरीचा हिशोब फक्त तासांत. वाढीचं संप्रेरक मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत सुटतं. तीच झोप रात्रभर तुकड्यातुकड्यांनी मोडत असेल तर दोन लिटर दूध आणि शंभर बदाम अंगी कसे लागणार? पुरुषी संप्रेरकसुद्धा तुटक झोपेनं उतरतं. मग पोरगं ताकद आटल्याची तक्रार करतं आणि कुणीतरी त्याला इंजेक्शनाची वाट दाखवतो. त्या इंजेक्शनांनी श्वास अडणं आणखी वाढू शकतं. यावर जास्त लिहीत नाही. कुठल्या खोलीत काय चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हे आपल्यापुरतं आहे असंही नाही. जपानमधल्या सुमोच्या तालमी आपल्यासारख्याच चालतात. सकाळी उपाशीपोटी मेहनत, मग भरपेट जेवण, मग बहुतेकांनी एका खोलीत झोपायचं. त्यांचा ओनोकुनी १९८७ मध्ये योकोझुना झाला. योकोझुना म्हणजे त्यांच्यातला सर्वोच्च मान. वजन दोनशे किलोच्या आसपास. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये पंधरा दिवसांच्या स्पर्धेत तो सात जिंकला आणि आठ हरला. पंधराही दिवस लढून योकोझुनाच्या हारी जास्त भराव्यात, असं त्याआधी झालं नव्हतं. पायाची दुखणी होती, आणि त्याला स्लीप ॲप्निया होता. आता तिकडं काही सुमो मल्ल मास्क लावून झोपतात आणि शेजारच्याला त्याचं काही वाटत नाही. इंग्लंडचा एडी हॉल, ज्यानं २०१६ मध्ये लीड्समध्ये ५०० किलोची डेडलिफ्ट मारली, तोही रात्री मास्क लावून झोपायचा. अमेरिकन फुटबॉलचा रेगी व्हाइट २००४ च्या डिसेंबरमध्ये ४३ व्या वर्षी गेला. त्याच्या मृत्यूच्या कारणांत फुप्फुसांच्या एका आजाराबरोबर स्लीप ॲप्नियाचाही उल्लेख झाला. आपल्याकडं २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी हेच नाव सांगितलं होतं. चार दिवस टीव्हीवर चर्चा झाली आणि पुन्हा सगळे घोरायला लागले.

उपाय आहे, आणि तो मी रोज रात्री तोंडाला लावतो. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली तो जगापुढं मांडला. पहिलं यंत्र व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी लावून केलेलं होतं. नाकावर मास्क, नळी, आणि उशाशी एक डबा. डबा हलक्या दाबानं हवा सोडत राहतो, त्या हवेनं घशाची वाट मिटत नाही. बस्स. ऑक्सिजनची नळकांडी नाही, व्हेंटिलेटर नाही. नाव सीपॅप. पहिले काही दिवस वैताग येतो, खोटं कशाला सांगू. मास्क सुटतो, नाक कोरडं पडतं, पोटात हवा जाऊन सकाळी ढेकर येतात. झुपकेदार मिशी असेल तर कडेनं हवा गळते. मग मिशीवर न टेकता नुसता नाकपुड्यांत बसणारा मास्क घ्यावा लागतो. मिशी गेली नाही, हे तालमीला आवर्जून कळवतो. गावाकडं खरी अडचण विजेची. रात्री लाइट गेली की यंत्र बंद, आणि इन्व्हर्टर नसेल तर उठून बसण्यावाचून गत्यंतर नाही.

पण लावल्यानंतर काही आठवड्यांत सकाळ बदलली. डोकं हलकं झालं, दुपारी खुर्चीत मान पडायची थांबली. व्यायामही करतो अजून, मोठ्या वजनाचा नाही पण मनासारखा. लोखंड तेच, हात तेच. फक्त दुसऱ्या दिवशी अंग दुखत राहत नाही.

खर्चाचं बोलू. घरी करायची झोपेची तपासणी, म्हणजे नाकाला नळी, छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून रात्रभर नोंद, काही हजारांत होते. यंत्र साधारण तीस-चाळीस हजारांपासून पुढं. मोठ्या गड्याचा महिन्याचा खुराक आज पंधरा-वीस हजारांच्या खाली येत नाही. म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या खुराकात बाकी सगळ्या वर्षांचा खुराक अंगी लागायची सोय होते. केंद्र सरकारच्या नोकरांना त्यांच्या आरोग्य योजनेतून या यंत्राचे पैसे ठरावीक मर्यादेपर्यंत परत मिळतात. गदा घेऊन आलेल्या पोराबरोबर फोटो काढायला सगळे पक्ष येतात. पुढच्या वेळी सत्काराच्या व्यासपीठावर फेट्याऐवजी या यंत्राची मागणी करा. मैदान भरवणारे मोटारसायकली आणि म्हशी बक्षीस लावतात, त्यांच्याही कानावर घाला.

डॉक्टर पहिलं वाक्य 'वजन उतरवा' असं म्हणतात आणि तिथंच आपला गडी उठून येतो. त्याचंही बरोबर आहे. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा, समोरचा १२० चा आणि याला म्हणायचं ९५ वर ये? वजन हीच त्याची भाकरी आहे. म्हणून लढतोय तोवर यंत्र, कुशीवर झोपणं (पाठीवर जीभ जास्त मागं पडते), नाकाचं हाड फार वाकलं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवणं, आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्यांना हात न लावणं. या दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. लंगोट खुंटीला लागल्यावर मात्र वजन उतरलंच पाहिजे. वजन दहा टक्के घटलं तर अडणं साधारण पाव हिश्श्यानं कमी होतं. मेहनत सुटते आणि जेवण सुटत नाही, ही आपल्या जुन्या पैलवानांची कहाणी तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. किती जणांच्या तिरडीला खांदा दिलात, आणि "हार्ट फेल" एवढंच ऐकून परत आलात. त्यातल्या किती जणांच्या रात्री कशा जात होत्या, हे कुणी विचारलं नव्हतं.

दोन गोष्टी तातडीच्या. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन आपल्याकडं आता घरोघरी झालंय. घोरणाऱ्या पोराला टेबलावर घ्यायच्या आधी भूलतज्ज्ञाला ते सांगाच, भुलीत आणि नंतरच्या वेदनाशामकांत हा घसा जास्त दगा देतो. आणि मैदानांचा हंगाम. कुंडल असो, वारणानगर असो की कुठल्या वाडीची जत्रा, शेवटची जोड रात्री सुटते आणि दहा पोरं एका जीपमध्ये कोंबून परत निघतात. गाडी कोण चालवतंय ते बघा. 'बुलेट'च्या हाती स्टिअरिंग देऊ नका, तो कितीही म्हणो "वस्ताद, मी फ्रेश आहे."

एका वस्तादांशी मी हे सगळं बोललो. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हळूच म्हणाले, "अरं, पण पोरगं मास्क लावून झोपतंय हे पावण्यांच्या कानावर गेलं तर पोरगी कोण देणार?" प्रश्न खरा आहे, टाळण्यातला नाही. माझं उत्तर असं, की पावण्यांपासून मास्क लपवता येईल, घोरणं किती दिवस लपवणार? पोरीला पहिल्या आठवड्यात कळणार आहे. त्यापेक्षा बघण्याच्या कार्यक्रमातच सांगून टाका, की पोरगं निर्व्यसनी आहे, पहाटे उठतं आणि घोरत नाही. शेवटचं किती स्थळांना सांगता येतं, तुम्हीच बघा.

आपला,
एक जुना पैलवान